डोळ्यात तूप कोणी घातलं

मला बसवत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच मी उठलो, खिडकीपाशी जाऊन आलो, तर म्हातारा नीट का सांगत नाही असं म्हणायला नको. अडतीस वर्षं सरकारी खुर्चीत बसलो, माझ्या वाट्याचं बसणं तिथंच संपलं. नाव अनंतराव धारूरकर. मूळ सोयगावचा, आता राहायला औरंगपुऱ्यात, खाली बांगड्यांचं दुकान आणि वर आम्ही. पण मला माझ्याबद्दल सांगायचं नाही. उमाबद्दल सांगायचंय. उमा म्हणजे माझी बायको.

उमा एकसष्ट वर्षांची आहे आणि कुंच्या शिवते. कुंची तुम्हाला ठाऊक असेलच, तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीपर्यंत येते ती. नव्या कापडाची ती शिवत नाही. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं आणा म्हणते, नवं कापड बाळाला टोचतं. आमच्या गल्लीत तीस वर्षांत जेवढी पोरं जन्मली, हिंदूंची काय आणि मुसलमानांची काय, सगळी तिच्याच कुंचीत गुंडाळून घरी आली. त्यातली दोन आता माझ्याच अंगावर गाड्या घालतात. आणि सुई कशी ओवायची बाई! चष्मा नाही, काही नाही. दोरा तोंडात एकदा ओला करायचा आणि घातला की गेला. गल्लीतल्या सुना तिच्याकडं सुया ओवून घ्यायला यायच्या. मला त्याचा लई अभिमान होता, जसं काही तिचे डोळे मीच करून दिले होते.

ती बोलते कमी. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडं आहे आणि रागाचंही. माझा राग नाकावर, हे सगळी गल्ली जाणते. साहेबाच्या टेबलावर फाइल आपटून मी घरी आलेलो आहे. व्याह्यांच्या पंगतीत कुणी खोचक बोललं म्हणून भरल्या ताटावरून उठलेलो आहे. हिमानी, आमची मुलगी, चार वर्षांची असताना तापली होती. डॉक्टर म्हणाला, "इतका उशीर का केला? अडाणी आहात का?" मी पोर उचललं आणि तिथून निघालो. ऐकून घ्यायचं काय म्हणून? हा किस्सा मी पुढं किती वर्षं चारचौघांत सांगितला. माणसाला इज्जत पाहिजे म्हणायचो. उमा तेवढ्यात चहा टाकायला आत जायची.

तर त्या दिवसाचं सांगतो. मार्च महिना, सकाळचे अकरा. नळाला आठव्या दिवसानं पाणी आलं होतं. आपल्या गावात पाणी आलं म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको. पिंप भरलं, बादल्या भरल्या, कळशा, घागरी, कुकर, पुरणाचं मोठं पातेलंसुद्धा काठोकाठ भरून ठेवलं होतं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, जिकडं बघावं तिकडं पाणी. हे लक्षात ठेवा.

मी जेवण लवकर उरकलं होतं आणि मला पान पाहिजे होतं. डब्यात पानं होती, सुपारी होती, कात होता. चुना मात्र ट्यूबमधला, पानटपरीवर मिळतो तसा, आणि त्या ट्यूबचं तोंड वाळून बसलेलं. मी दाबून बघितली, येईना. उमा मशीनवर होती. समोरच्या दारातल्या नजमुन्निसाआपांच्या लेकीला, महेजबीनला मुलगी झाली होती, बाळाच्या चाळिसाव्या दिवसासाठी कुंची चालली होती. म्हणलं, उमा, जरा हे बघ. तिनं काम सोडून ट्यूब घेतली, टाचणी घेतली, आणि तोंड मोकळं करायला ट्यूब डोळ्याजवळ धरली. तिला जवळचं स्वच्छ दिसायचं ना! टाचणीनं ती हळूहळू टोकरत होती. मला तेवढंही धरवेना. म्हणलं, किती वेळ लावतेस, दाब की जोरात.

तिनं दाबली. चुना सरळ तिच्या उजव्या डोळ्यात गेला.

ती ओरडली नाही. हात डोळ्यावर दाबून खाली बसली आणि चाचपडत बादलीकडं सरकायला लागली. मी तिचा हात धरला आणि तिला मागं ओढलं. का ओढलं, तेच तर सांगायचंय. सोयगावला आमच्याकडं दिवाळीआधी घर चुन्यानं रंगवायचे. कळीच्या चुन्याचे खडे पिंपात टाकायचे, वरून पाणी. मग ते पाणी रटरट उकळायला लागायचं, वाफा निघायच्या. एका वर्षी माझ्या चुलत्याच्या पायावर ते पिंप कलंडलं. सोलून निघालेला तो पाय मी सात वर्षांचा असताना बघितला. तेव्हापासून चुना आणि पाणी एका जागी दिसलं की मी लांब होतो. मला वाटलं, हिच्या डोळ्यात पाणी गेलं की तो चुना आत उकळणार.

माझा आवाज ऐकून नजमुन्निसाआपा धावत आल्या. समोर कळशी होती, त्यांनी तीच उचलली. "भाईसाब, पानी डालो, पानी!"

मी कळशी धरून ठेवली. "चुन्यावर पाणी घालता? उकळतो तो! डोळा शिजून निघेल तिचा!"

मी इतक्या जोरात ओरडलो की त्या दोन पावलं मागं सरल्या. मग मी फडताळातून साजूक तूप काढलं, कढवून गार केलेलं, आणि उमाची पापणी उघडून आत घातलं. बोटभर. भाजल्यावर तूप लावतात, तेवढंच मला ठाऊक. डोळ्यात तेल घालून जपणारी माणसं असतात म्हणतात, मी तूप घालून घालवणारा निघालो. उमा म्हणत होती, "अहो, जळतंय. आणखी जळतंय." मी तिला सांगत होतो, थांब, आता गार वाटेल. थांब म्हणत होतो मी, ज्याला जन्मात कधी थांबता आलं नाही.

दहा मिनिटांनी तीच म्हणली, दवाखान्यात चला. रिक्षा मिळाली, पण औरंगपुऱ्यातून अकरा वाजता रिक्षा निघणार कशी? एक टेम्पो आडवा, त्याच्यापुढं रसवंतीवाल्याचा गाडा. मी खाली उतरून टेम्पोवाल्याशी भांडलो. भांडण्यात आणखी पाच मिनिटं गेली.

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला ताबडतोब आत घेतलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण पोरगी, आमच्या हिमानीपेक्षाही लहान. तिनं पापणी उलटी करून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. सिस्टरला सलाइनच्या बाटल्या आणायला सांगितल्या आणि मग मोठ्यानं विचारलं, "ह्यात तूप आहे? डोळ्यात तूप कोणी घातलं? कुणाचं हे डोकं?"

बाहेरची माणसं दारातून डोकावली. माझ्या कानशिलात रक्त चढलं. कुणाचं डोकं म्हणजे? माझ्या वयाकडं बघून बोलायचं की नाही? मी एक पाऊल पुढं टाकलंच होतं. उमा पलंगावर आडवी होती. तिनं डावा डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणली, "मीच घातलं. तुम्ही धुवा लवकर."

डॉक्टरनं तिला फटकारलं. बाई, एवढ्या शिकलेल्या दिसता, साधं पाणी मारता आलं नाही? ट्यूबमधला चुना पाण्यात आधीच विरवलेला असतो, तो काय उकळायचा राहिलाय? पहिल्या पाच मिनिटांत नळाखाली डोळा धरला असता तर निम्म्याहून जास्त काम तिथंच झालं असतं. तुपानं चुन्याचे कण आत धरून ठेवले. उमा हो म्हणत होती. बाटलीमागून बाटली तिच्या डोळ्यावर ओतली जात होती, अर्धा तास, पाऊण तास. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या घरात काठोकाठ भरलेली पातेली मला दिसत होती.

डॉक्टरनं सांगितलं, बुबुळ भाजलंय, दृष्टी किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. पंधरा दिवस थेंब घाला, मग बघू. दिवसभर दर तासाला एक थेंब, दुसऱ्या बाटलीतला दर चार तासांनी, आणि झोपताना मलम.

ते पंधरा दिवस मी घरात नुसता फेऱ्या मारत होतो. दारापासून मशीनपर्यंत अकरा पावलं. मोबाइलवर दर तासाचा गजर लावला होता आणि तो वाजायच्या आधीच मी बाटली घेऊन उभा. उमा म्हणायची, अहो बसा ना. मी बसायचो आणि उठायचो. खाली जायचो, औषधाच्या दुकानदाराशी खामखा भांडायचो की ही बाटली कालच्यासारखी नाही, मग वर यायचो. दिवसातून वीस वेळा पट्टी सारून, डावा डोळा झाकायला लावून तिच्यासमोर बोटं नाचवायचो. किती? ती म्हणायची, दिसतंय काहीतरी हललेलं. हललेलं म्हणजे किती, दोन की तीन? ती म्हणायची, तुमची बोटं आहेत एवढं कळतं. पानाचा डबा मी पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकला. पानावाचून जीभ दिवसभर वळवळत राहायची.

आणि माणसं यायची. उमाची धाकटी बहीण सुलेखा मुकुंदवाडीहून आली, तिनं तासभर तिला झापलं. अगं ताई, तूप? डोळ्यात? लहान पोरालाही कळतं. उमा म्हणली, त्या वेळी डोकंच चाललं नाही गं. पुण्याहून हिमानीचा फोन रोज. ती तर रडायचीच. "आई, मी शाळेत मुलांना शिकवते, डोळ्यात काही गेलं तर पाणी मारा. आणि माझ्याच घरात..." उमा तिलाही तेच सांगायची. मी बाजूलाच असायचो. तोंड उघडायचो, म्हणायचो, थेंबाची वेळ झाली.

नजमुन्निसाआपा रोज संध्याकाळी यायच्या, कधी शेवया, कधी सूप. सुलेखा उमाला बोलत होती तेव्हाही त्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक. कळशी त्यांच्याच हातात होती. त्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं आणि पदर सारखा केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान मला उलटून बोलता आलं असतं. आता मला त्यांची चाहूल लागली की मी जिन्यानं खाली पळायचो. अडुसष्ट वर्षांचा माणूस, शेजारणीला भिऊन बांगड्यांच्या दुकानात उभा राहायचा. दुकानदार विचारायचा, काका, काही पाहिजे का? काय सांगू, काय पाहिजे ते?

बाराव्या दिवशी मी थेंबाची बाटली घेऊन आलो, तर उमा मशीनपाशी बसलेली. डोळ्यावर पट्टी होती, हातात सुई. दोरा ओला केला आणि घातला. दोरा सुईच्या बाजूनं गेला. पुन्हा घातला, पुन्हा बाजूनं गेला. एका डोळ्यानं अंतर कळत नाही म्हणे माणसाला. चार-पाचदा झालं. मग तिनं सुई सुयांच्या उशीत खोचली, अर्धी कुंची घडी करून डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. माझ्याकडं पाठ होती तिची. मी तसाच मागं फिरलो आणि न्हाणीत जाऊन नळ सोडला. पाण्याचा दिवस नव्हता. नळ नुसता फुसफुसला.

का सांगत नव्हतो मी? मला लाज वाटत होती, हे खरंच. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. आतून मला बरं वाटत होतं की उमानं माझी इज्जत राखली. बाईमाणूस आहे, नवऱ्याला चारचौघांत खाली बघायला लावलं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. रात्री पडलो की हे मनात यायचं, ऊर भरून यायचा आणि मग त्याचीच शिसारी यायची.

पंधराव्या दिवशी दवाखान्यात दोन तास बसवलं. म्हणजे बाकीचे बसले होते, मी येरझारा घालत होतो. नंबर पुकारणारा माणूस मला दोनदा म्हणाला, आजोबा, रस्त्यातून बाजूला व्हा. मग आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरनं पट्टी काढली, डाव्या डोळ्यावर हात ठेवायला सांगितला आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. उमा बराच वेळ बघत राहिली. सगळ्यात वरचं मोठं अक्षर तिनं ओळखलं. दुसऱ्या ओळीला म्हणली, धूर आहे मधे. तिसऱ्या ओळीला काहीच म्हणली नाही.

डॉक्टर म्हणाली, डोळा राहिला हेच नशीब समजा. मधे डाग पडलाय, तो जाणार नाही. माणूस ओळखाल, जिना उतराल, पण बारीक काम ह्या डोळ्यानं होणार नाही. पुढं ऑपरेशन करता येतं का ते वर्षभरानं बघू. आणि मग कागदावर लिहिता लिहिता पुन्हा तेच म्हणाली, "तुम्ही तेव्हा तूप नसतं घातलं ना, बाई..."

"तूप मी घातलं," मी म्हणलं.

तिनं पेन थांबवलं. मी सगळं सांगितलं. ही बादलीकडं जात होती, मी ओढलं. शेजारीण कळशी घेऊन आली, मी अडवलं. चुलत्याचा पायही सांगितला. दार उघडंच होतं, बाहेर पंधरा-वीस माणसं.

मग ती मला बोलली. मवाळ नाही बोलली. म्हणाली, ह्यांचा डोळा तुम्ही घालवलात, आणि पंधरा दिवस ह्यांना ऐकून घ्यायला लावलंत वर. कसं बसवलं तुम्हाला? मी म्हणणार होतो की बसवलं नाहीच. पण ती बोलत होती. माझ्या कानशिलात पुन्हा रक्त चढलं, पाय उठायला बघत होते. मी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि ती थांबेपर्यंत बसून राहिलो.

रिक्षात बसल्यावर मी उमाला विचारलं. म्हणलं, माझं नाव का नाही घेतलंस त्या दिवशी? माझी इज्जत जाईल म्हणून? तिच्या तोंडून हो ऐकायचं होतं मला, खोटं कशाला बोलू.

उमा पुढं रस्त्याकडं बघत होती. "तुमच्या इज्जतीचं कुठं सुचतंय हो तेव्हा," ती म्हणली. "तुमचं नाव घेतलं असतं तर ती तुम्हाला बोलली असती. ती बोलली असती तर तुम्ही मला तसंच उठवून बाहेर काढलं असतं. हिमानीला काढलं होतं तसं. तिला रिक्षात आकडी आली होती, तीन दवाखाने बंद होते. तुम्ही तेवढं कधी सांगत नाही. माझ्या डोळ्यात चुना होता. तुमच्या रागाला द्यायला माझ्याकडं वेळ नव्हता."

ती हे चिडून बोलली नाही. भाजी काय आणायची ते सांगावं तसं म्हणली. पुढं म्हणली, औरंगपुऱ्यात जरा थांबा, पांढरा दोरा संपलाय.

मी रिक्षावाल्याला थांब म्हणालो. दोरा आणायला उतरलो तर दुकानात मला रंग आठवेना. डोळ्यात निखारा असताना, आयुष्यभराची दृष्टी जात असताना, तिनं आधी माझा चेहरा बघितला होता. राग चढतोय का, किती चढलाय, आपल्याला किती वेळ आहे. एकोणचाळीस वर्षं संसार केला तिनं माझ्यासोबत. किती वेळा बघितला असेल असा? मी दुकानात तसाच उभा होतो आणि मागची बाई म्हणत होती, काका, घ्या ना लवकर.

घरी आल्याबरोबर हिमानीला फोन लावून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, आईला दे. नजमुन्निसाआपांच्या दारात जाऊन म्हणलं, आपा, कळशी मी अडवली, चुकलं माझं. त्या म्हणल्या, "मेरेको मालूम है, भाईसाब. भाभी को बोलो." मी म्हणलं, तिला आधीपासून ठाऊक आहे.

आता सकाळी चहा झाला की मी सुया ओवतो. दिवसभराच्या दहा सुया ओवून उशीला खोचून ठेवायच्या, हे माझं काम. मशीनचा दोराही मीच ओवून देतो. शिवण तिची अजून सरळ येते, बोटांना वाट पाठ आहे म्हणते. महेजबीनच्या मुलीची कुंची चाळिसाव्याला झाली नाही, पण दोन महिन्यांनी झाली, आणि बाळाच्या डोक्याला थोडी घट्टच बसली.

सुया ओवणं महाकठीण काम आहे. चष्मा लावूनही दोरा पहिल्या खेपेला जात नाही. परवा सातवी सुई काही केल्या ओवली जाईना. दोऱ्याचं टोक फुटलं, मी कापलं, पुन्हा फुटलं. माझ्या तोंडून शिवी निघाली आणि मी ती सुई ताटलीत आपटली.

मशीन थांबलं. मी वर बघितलं तर उमा पायपट्टीवर पाय तसाच ठेवून माझ्याकडं बघत होती. डाव्या डोळ्यानं, नीट निरखून.

"काही नाही," मी म्हणलं. "ओवतोय."

ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग मशीन सुरू झालं.